पात्र आपले, पेशा कंपनीचा

हजारो माणसे इंटरनेटद्वारे एकाच कल्पित जगात आपापले पात्र घेऊन एकाच वेळी वावरतात, लढतात, व्यापार करतात आणि टोळ्या बांधतात, अशा खेळांना ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आणि अशा खेळात पाऊल टाकताना खेळाडूला सर्वांत आधी ठरवावे लागते ते आपले पात्र कोणत्या ‘क्लास’चे असेल हे. क्लास या शब्दाने मराठी वाचकाला शिकवणी आठवते, परंतु खेळांच्या परिभाषेत तो पात्राचा पेशा दर्शवतो : योद्धा, मांत्रिक, वैद्य, शिकारी, पुरोहित अशांपैकी एखादा, आणि त्याबरोबर येणारी शस्त्रे, विद्या, मर्यादा आणि संघातील ठरलेले काम. म्हणून येथे त्यासाठी पेशा हाच शब्द वापरला आहे. हा पेशा खेळाडू एकदा निवडतो, त्यावर महिने, कित्येकदा वर्षे घालवतो, आणि मग एखाद्या दिवशी खेळ चालवणारी कंपनी त्या पेशाची रचनाच बदलते. खेळाडूंच्या भाषेत याला ‘रीवर्क’ म्हणतात. वरवर पाहता ही तांत्रिक दुरुस्ती असते. तरीही तिच्यामुळे माणसे दुखावतात, खेळ सोडतात, आणि काही वेळा वर्षानुवर्षे राबून जुना खेळ पुन्हा उभा करतात. असे का घडते, याचे उत्तर पेशा म्हणजे खेळाडूच्या लेखी नेमके काय, या प्रश्नात दडलेले आहे.

पेशाची कल्पना संगणकाआधीची आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळात तीनच पेशे होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक, चोर हा चौथा पेशा पुढच्या वर्षी पुरवणीतून आला. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा केवळ शब्दांनी चालणारा बहुखेळाडू खेळ रचण्यास आरंभ केला, आणि १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’पर्यंत येता येता संघातील कामांची त्रिविध वाटणी पक्की झाली : शत्रूचे घाव स्वतःवर ओढून घेणारा ‘टँक’, सोबत्यांच्या जखमा भरून काढणारा ‘हीलर’ आणि शत्रूला इजा करणारा ‘डीपीएस’.

कागदावरचा खेळ आणि ऑनलाइन खेळ यांत एक भेद मात्र निर्णायक आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची चौथी आवृत्ती २००८ मध्ये निघाली आणि तिने पेशांची घडण मुळापासून बदलली, तेव्हा ज्यांना ती रुचली नाही ते आपली जुनी पुस्तके उघडून पूर्वीसारखेच खेळत राहिले, त्या जुन्या नियमांवर आधारलेला ‘पाथफाइंडर’ हा स्वतंत्र खेळही २००९ मध्ये बाजारात आला. ऑनलाइन खेळात ही सोय नसते. खेळाचे जग कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरस्थ संगणकांवर असते, सुधारित आवृत्ती किंवा ‘पॅच’ लागू झाला की तो सर्वांना एकाच दिवशी लागू होतो, आणि आदल्या रात्रीचा खेळ अस्तित्वातच राहत नाही. पात्राचे नाव, चेहरा, कपडे तेच असतात. पण त्या पात्राला काल जे करता येत होते ते आज येत नाही.

खेळाडूचे पात्राशी असलेले नाते समजून घेण्यासाठी भाषा आणि शिक्षण यांचे अमेरिकी अभ्यासक जेम्स पॉल गी यांनी व्हिडिओ गेम आणि शिकण्याची प्रक्रिया यांवरील २००३ च्या पुस्तकात मांडलेला विचार उपयोगी पडतो. खेळताना तीन ओळखी एकत्र नांदतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे : खेळातल्या पात्राची ओळख, खेळणाऱ्या खऱ्या माणसाची ओळख, आणि या दोहोंच्या मध्ये उभी राहणारी तिसरी, जिच्यात खेळाडू आपले पात्र कसे असावे, त्याने काय करावे आणि काय करू नये, याविषयीच्या स्वतःच्या अपेक्षा त्या पात्रावर आरोपित करतो. ही तिसरी ओळख कंपनी घडवत नाही. ती खेळाडू घडवतो. पण तिला उभे राहण्यासाठी जी जमीन लागते, म्हणजे पेशाचे नियम, ती मात्र कंपनीची असते. पात्राचे रूप माणसाच्या वागण्यावर प्रभाव टाकते हे प्रयोगांतही दिसले आहे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आभासी जगात ज्यांना उंच शरीर दिले होते ते पैशांच्या वाटणीच्या बोलण्यांत अधिक आक्रमक राहिले, आणि ज्यांना बुटके शरीर दिले होते ते अन्याय्य वाटणी अधिक सहज मान्य करताना आढळले. या परिणामाला त्यांनी ग्रीक पुराणातील रूपे बदलणाऱ्या देवतेवरून ‘प्रोटियस परिणाम’ असे नाव दिले. काही मिनिटांच्या उसन्या शरीराने एवढा फरक पडत असेल, तर पाच वर्षे रोज संध्याकाळी दोन तास वैद्य म्हणून वावरलेल्या माणसात वैद्यपण किती मुरत असेल, याची कल्पना करता येते.

या मुरण्याचे तीन थर दिसतात, आणि पुढील सर्व उदाहरणे समजण्यासाठी ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला थर प्रतिमेचा : धनुष्य पाठीला लावलेला, शेजारी पाळलेला लांडगा असलेला शिकारी. दुसरा थर हाताच्या सवयीचा : कोणते बटण कोणत्यानंतर दाबायचे, कोणता मंत्र कधी राखून ठेवायचा, हे शेकडो तासांनी अंगवळणी पडलेले कसब. तिसरा थर इतरांच्या नजरेतला : संघाला अडचणीच्या वेळी कोणाची आठवण होते, कोणाला हाक मारली जाते. आकड्यांत केलेल्या बदलांना खेळाडू सरावलेले असतात. एखाद्या विद्येची ताकद घटवली तर तिला ‘नर्फ’ म्हणायचे, वाढवली तर ‘बफ’, थोडी कुरकुर करायची आणि पुढे जायचे. या तीन थरांपैकी एखादा थरच काढून घेतला जातो, तेव्हा मात्र ओळखीचा प्रश्न उभा राहतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ हे आहे. सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट या कंपनीने लुकासआर्ट्ससाठी चालवलेला हा खेळ जून २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि त्याची मूळ कल्पना राफ कॉस्टर यांच्या देखरेखीखाली आकाराला आली. त्यात तीसहून अधिक पेशे होते, आणि खेळाडूला ठरावीक कौशल्यगुण हवे तसे वाटून दोन-तीन पेशांचे मिश्रण करता येत असे. त्या पेशांची नावे पाहिली तरी या जगाचा स्वभाव कळतो : नर्तक, संगीतकार, शिंपी, वास्तुकार, केशरचना व चेहरेपट्टी बदलून देणारा रूपकार, जनावरे पकडून त्यांना शिकवणारा ‘क्रीचर हँडलर’, प्रयोगशाळेत नवे प्राणी तयार करणारा ‘बायो-इंजिनिअर’. लढून थकलेल्या योद्ध्याचा मानसिक शीण घालवण्यासाठी त्याला मद्यगृहात जाऊन नर्तकाचे नृत्य पाहावे लागे किंवा संगीतकाराचे वादन ऐकावे लागे. त्याच्या खोल जखमा वैद्यच भरू शके. त्याची बंदूक वापराने झिजे आणि नवी बंदूक दुसऱ्या एखाद्या खेळाडूने, खाणीतून काढलेल्या धातूची प्रत पारखून घडवलेली असे. यामुळे एकही शत्रू न मारता माणसे त्या जगात प्रतिष्ठित होऊ शकत होती. कोणत्या शहरात कोणाचे शस्त्रालय चांगले, कोणाच्या औषधाचा गुण अधिक टिकतो, हे लोक एकमेकांना सांगत. व्हिडिओ गेमच्या इतिहासात गावगाड्याच्या इतके जवळ जाणारे जग क्वचितच रचले गेले असेल.

जेडाय, म्हणजे स्टार वॉर्स चित्रपटांतील प्रकाशाची तलवार धारण करणारे योगी-योद्धे, या खेळात आरंभी निवडताच येत नसत. ती वाट गुप्त होती, ती सापडण्यासाठी अनेक पेशांत प्रावीण्य मिळवावे लागे, आणि म्हणून रस्त्यात दिसलेला जेडाय ही बोलण्यासारखी घटना असे.

नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझार्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि सुमारे वर्षभरात त्याची सदस्यसंख्या ५० लाखांवर गेली. ‘गॅलक्सीज’चे चालक अस्वस्थ झाले. एप्रिल २००५ मध्ये त्यांनी लढाईची पद्धत बदलली, आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला ‘न्यू गेम एन्हान्समेंट्स’ या नावाने, खेळाडूंच्या तोंडी ‘एनजीई’ या आद्याक्षरांनी कायमचा बसलेला, तो मोठा बदल आणला. तीसहून अधिक पेशांचे नऊ पेशे झाले : जेडाय, बाउंटी हंटर, तस्कर, हेर, अधिकारी, कमांडो, वैद्य, कलावंत आणि व्यापारी. कोणते डावपेच कोणत्या क्रमाने योजायचे याचा विचार करून लढण्याची जागा नेम धरून झपाट्याने गोळीबार करण्याने घेतली. जेडाय पहिल्याच दिवशी कोणालाही निवडता येऊ लागला. क्रीचर हँडलर हा पेशाच नाहीसा झाला आणि वर्षानुवर्षे माणसाळवलेली जनावरे हाताशी असून निरुपयोगी ठरली. नवी विस्तारित आवृत्ती विकत घेऊन जेमतेम काही दिवस झालेल्या ग्राहकांना हा बदल अचानक कळला, आणि कंपनीला त्या आवृत्तीचे पैसे परत देऊ करावे लागले.

चालकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. जुनी रचना नवख्याला गोंधळात टाकणारी होती, पेशांच्या असंख्य मिश्रणांमुळे समतोल राखणे जवळजवळ अशक्य झाले होते, आणि स्टार वॉर्स म्हटल्यावर लोकांना चित्रपटांतील नायक हान सोलो किंवा ल्यूक स्कायवॉकर व्हायला आवडेल, वाळवंटात हवेतून पाणी काढणारी शेती करणारा ल्यूकचा काका ओवेन व्हायला नव्हे, असा त्यांचा हिशेब होता. या हिशेबात एकच गोष्ट सुटली होती, आणि ती सर्वांत महत्त्वाची होती : त्या क्षणी पैसे भरून खेळत असलेली माणसे बहुतांशी काका ओवेनच होती, आणि त्यांनी ते समजून-उमजून निवडले होते. ज्याने शिंपी व्हायचे ठरवले त्याने नायक होणे नाकारले होते. त्याला आता कमांडो होण्याची संधी देणे ही त्याच्या दृष्टीने बढती नव्हती. त्याची निवडच मुळी चुकीची होती असा तो निर्वाळा होता. पेशाची पुनर्रचना ही पुढच्या काळापुरती राहत नाही, ती मागे जाऊन भूतकाळाचा अर्थ बदलते, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशातूनही दिसत नाही. ज्या जेडायने महिनोन्‌महिने खपून ते पद मिळवले होते, त्याच्याकडून काहीच काढून घेतलेले नव्हते, त्याची तलवार तशीच होती. तरीही ते पद सर्वांना वाटले गेल्यामुळे त्याचे ते महिने मागे जाऊन व्यर्थ ठरले. खेळाडू मोठ्या संख्येने निघून गेले. सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटचे तत्कालीन प्रमुख जॉन स्मेडली यांनी पुढे हा निर्णय चुकल्याचे जाहीरपणे मान्य केले.

हातातली वस्तू गमावण्याचे दुःख तेवढीच वस्तू मिळण्याच्या आनंदापेक्षा मोठे असते, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेले तत्त्व अशा प्रसंगांच्या स्पष्टीकरणासाठी नेहमी पुढे केले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. चहाचा कप गमावणे आणि चहा करण्याची आपली पद्धत गमावणे यांत अंतर आहे. पहिले मालमत्तेचे नुकसान आहे, दुसरे माणसाच्या कर्तेपणाचे. ‘गॅलक्सीज’च्या शिंप्याने कापड गमावले नव्हते, त्याने शिवणे गमावले होते.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची गोष्ट वेगळी आहे, कारण त्या खेळाने एकाच रात्रीत सर्व काही उलथवले नाही, तेथे वीस वर्षे बदल होत राहिले आणि त्यामुळे पुनर्रचनेचे जवळपास सर्व प्रकार एकाच ठिकाणी पाहता येतात. आरंभी त्यात नऊ पेशे होते, आज तेरा आहेत, आणि प्रत्येक पेशाच्या आत एकाहून अधिक उपशाखा आहेत. सर्वप्रथम हे नोंदवले पाहिजे की काही पुनर्रचनांनी ओळख हिरावली नाही, उलट मिळवून दिली. पॅलाडिन, म्हणजे ढाल आणि चिलखत धारण करणारा धर्मयोद्धा, हा मूळ खेळात चाळीस जणांच्या मोठ्या मोहिमांत जवळजवळ केवळ जखमा भरण्याच्या कामाला जुंपला जात असे, कारण शत्रूचे लक्ष स्वतःकडे खेचण्यासाठी लागणारी विद्याच त्याला दिलेली नव्हती. ढाल असलेल्या माणसाला मागे उभे राहून मंत्र पुटपुटावे लागत. २००७ च्या ‘बर्निंग क्रुसेड’ या विस्तारात त्याला ती विद्या मिळाली आणि तो खऱ्या अर्थाने पुढे उभा राहू शकला. येथे बदलाने पेशाच्या प्रतिमेला तिचे काम मिळवून दिले, आणि अशा बदलाचे बहुतेक खेळाडू स्वागतच करतात.

त्याच खेळातील शिकारी, अर्थात हंटर, या पेशाचे मात्र दीर्घकाळ हाल झाले. जुन्या काळात शिकाऱ्याला बाण विकत घ्यावे लागत, दोनशे-दोनशेच्या जुड्यांनी भाता भरावा लागे, आणि भात्यामुळे पिशवीची एक जागा कायमची अडून राही. पाळलेल्या जनावराला त्याच्या जातीनुसार मांस, मासे किंवा पाव खाऊ घालावा लागे, नाहीतर ते नाराज होई आणि लढाईत त्याचा जोर कमी पडे. २०१० च्या अखेरीस आलेल्या ‘कॅटाक्लिझम’ या विस्ताराच्या काळात बाण संपणे बंद झाले, जनावराची नाराजीही गेली, आणि शिकाऱ्याची मंत्रशक्ती काढून तिच्या जागी ‘फोकस’, म्हणजे थोड्या वेळात आपोआप भरून येणारी एकाग्रता आली. यातला प्रत्येक बदल सोयीचा होता. मोहिमेच्या मध्यावर बाण संपल्यामुळे शरमिंदा झालेल्या कोणत्याही खेळाडूला तो हवाच होता. परंतु भाता भरून निघणे आणि लांडग्याला खाऊ घालणे या कृतींनीच शिकारी हा धनुष्य घेतलेल्या इतर कोणापासून वेगळा पडत होता. कटकट काढताना तिच्यात गुंतलेले अगत्यही निघून जाऊ शकते, ही गोष्ट आकडेवारीत दिसत नाही, कारण बाण विकत घेण्याचा कंटाळा लोक बोलून दाखवतात आणि भाता भरण्याचे समाधान कोणी नोंदवत नाही.

२०१६ च्या ‘लीजन’ या विस्ताराने तर शिकाऱ्याच्या ‘सर्व्हायव्हल’ या संपूर्ण उपशाखेच्या हातातून धनुष्य आणि बंदूक काढून भाला दिला. दूरवरून स्फोटक बाण मारणारा खेळाडू पॅच लागल्यावर शत्रूच्या तोंडाशी उभा राहिला. गंमत अशी की याच विस्ताराची घोषणाच मुळी ‘क्लास फॅन्टसी’ ही होती, म्हणजे प्रत्येक पेशाच्या मनोहर प्रतिमेला पुन्हा उजाळा देण्याची. त्या दृष्टीने रचनाकारांनी तर्क बरोबरच केला : शिकाऱ्याच्या तीन शाखांपैकी दोन एकसारख्या वाटत होत्या, तेव्हा तिसरीला वेगळे रूप द्यावे. परंतु वेगळेपणाची मोजणी त्यांनी शाखांमध्ये केली, माणसांमध्ये नाही. ज्याने शिकारी हा पेशा मुळात दूरवरून मारा करता येतो म्हणूनच घेतला होता, त्याच्या हातात भाला देऊन त्याची प्रतिमा उजळणे शक्य नव्हते.

त्याच वेळी वॉरलॉक, म्हणजे राक्षसांना वश करणारा मांत्रिक, याच्यावर आलेला प्रसंग तर कर्णाच्या कवचकुंडलांची आठवण करून देणारा आहे. त्याच्या ‘डेमॉनॉलॉजी’ शाखेला २००८ पासून स्वतः राक्षसाचे रूप घेण्याची ‘मेटामॉर्फोसिस’ नावाची विद्या होती, आणि त्या शाखेचे खेळाडू ती आपल्या अस्तित्वाची खूण मानत होते. ‘लीजन’मध्ये ‘डेमन हंटर’ हा नवा पेशा आला. राक्षसरूप घेणे हे त्याचे मुख्य लक्षण, आणि २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’पासून ते त्याचेच होते, त्यामुळे कथेच्या अंगाने त्याचा हक्क निर्विवाद होता. म्हणून वॉरलॉकची विद्या काढून घेण्यात आली आणि त्याला राक्षसांच्या झुंडी बोलावणारा म्हणून नव्याने घडवण्यात आले. नवी रचना कालांतराने चांगली जमली, असेही म्हणता येईल. पण आठ वर्षे जो स्वतः राक्षस होत असे, तो आता राक्षसांचा मुकादम झाला.

समतोलाच्या ओढीने इतरांच्या नजरेतला थर कसा पुसट होतो, याचे उदाहरणही याच खेळात आहे. २००८ च्या सुमारास खेळाचे रचनाकार ग्रेग स्ट्रीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे धोरण स्वीकारले की मोहिमेसाठी माणूस निवडताना तो कोणत्या पेशाचा हे न पाहता तो कसा खेळतो हे पाहिले जावे. त्यासाठी पूर्वी एकाच पेशाकडे असलेल्या, सर्व संघाला बळ देणाऱ्या विद्या अनेक पेशांत वाटल्या गेल्या. काही क्षण संपूर्ण संघाचा वेग वाढवणारी ‘शामन’ या पेशाची विद्या २०१० मध्ये जादूगारालाही मिळाली. यामागचा हेतू उमदा होता. केवळ अमुक पेशा नाही म्हणून चांगल्या मित्राला घरी बसवावे लागणे हे खरोखर क्लेशकारक होते. मात्र ज्याच्यावाचून अडते आणि ज्याच्या जागी कोणीही चालते, यांपैकी पहिला अधिक गैरसोयीचा असला तरी ओळख त्यालाच असते. शामन संघात हवाच, असे म्हटले जात होते तेव्हा ते वाक्य त्या खेळाडूविषयीही काही सांगत होते. २०१८ मध्ये ब्लिझार्डनेच यातील काही विद्या पुन्हा एकेका पेशाच्या स्वाधीन केल्या, यावरून हा तराजू किती नाजूक आहे ते कळते.

जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या ‘फायनल फँटसी १४’ या खेळाने हा प्रश्न निराळ्या मार्गाने सौम्य केला. तेथे एकच पात्र सर्व पेशे शिकू शकते आणि हत्यार बदलताच पेशा बदलते; त्यामुळे एखादा पेशा बिघडला तर खेळाडूचे पात्र, मित्र, घर, इतिहास सर्व शाबूत राहते. वॉरक्राफ्टमध्ये पेशा बदलायचा तर पात्रच नवे घ्यावे लागते. तरीही वेदना टळत नाही, हे लक्षणीय आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील ‘समनर’, म्हणजे दैवी शक्तींना पाचारण करणारा मांत्रिक, पूर्ण बदलला. पूर्वी तो विषारी मंत्रांचे काळ-वेळ सांभाळणारा, खेळायला अवघड पेशा होता आणि त्याच्या हाताशी येत त्या दैवतांच्या लहान प्रतिकृती. नव्या रूपात इफ्रिट, टायटन, गरुडा ही दैवते पूर्ण आकारात अवतरू लागली, आणि खेळणे मात्र फार सोपे झाले. ज्यांना समनरची प्रतिमा प्रिय होती त्यांना त्यांचा पेशा प्रथमच गवसला. ज्यांना त्याचे कसब प्रिय होते त्यांचा हरवला. दोघेही एकाच नावाच्या पेशावर प्रेम करत होते आणि दोघांचेही म्हणणे खरे होते. पुढे एप्रिल २०२२ मध्ये सामुराईची ‘काइतेन’ ही एकच विद्या काढली तेव्हाही मोठा गदारोळ झाला, वास्तविक तिचे बळ इतर घावांत मिसळून दिलेले होते. आकड्यांत सामुराईचे नुकसान झाले नव्हते. मोठा घाव घालण्याआधी श्वास रोखून तयारी करण्याचा तो क्षण गेला होता, आणि कित्येकांच्या लेखी सामुराई म्हणजे तो क्षणच होता.

मग बदल करूच नयेत काय? तसे म्हणणे खेळाच्या स्वभावाविरुद्ध होईल. न बदलणारा ऑनलाइन खेळ ओस पडतो, विद्यांची संख्या वाढत जाऊन बटणांची गर्दी होते, नव्या माणसाला आत शिरता येत नाही, आणि पॅलाडिनच्या उदाहरणात दिसले तसे काही अन्याय दूर करायचेच असतात. प्रश्न बदलाच्या अधिकाराचा आहे. येथे ब्रिटनमधील जागेक्स कंपनीच्या ‘रूनस्केप’ने दाखवलेला मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिने लढाईची संपूर्ण पद्धत बदलली, खेळाडू मोठ्या प्रमाणात नाराज झाले, आणि काही महिन्यांतच, मतदान घेऊन, कंपनीने २००७ सालची जुनी प्रत ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या नावाने फेब्रुवारी २०१३ मध्ये खुली केली. त्या प्रतीत पुढचा प्रत्येक महत्त्वाचा बदल खेळाडूंच्या मतदानाला टाकण्याची प्रथा पडली आणि त्यासाठी ७५ टक्के अनुकूल मतांची अट घातली गेली; अलीकडे ती ७० टक्क्यांवर आणली आहे. या अटीमुळे कित्येक चांगल्या सूचनाही फेटाळल्या जातात, हा दोष खरा आहे. पण ज्याच्या पात्रावर परिणाम होणार त्याचे त्यात मत असते, आणि त्यामुळे नकोसा बदलही सोसवतो. ब्लिझार्डनेही अखेर, खेळाडूंनी अनधिकृतपणे चालवलेला ‘नॉस्टाल्रियस’ हा जुन्या वॉरक्राफ्टचा सर्व्हर २०१६ मध्ये बंद पाडल्यानंतर उठलेल्या मागणीपुढे मान तुकवून, ऑगस्ट २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ अधिकृतपणे सुरू केला. त्यात शिकाऱ्याला बाण पुन्हा विकत घ्यावे लागले, जनावराला पुन्हा खाऊ घालावे लागले, आणि लोकांनी त्यासाठी आनंदाने पैसे मोजले.

‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ १५ डिसेंबर २०११ रोजी कायमचा बंद झाला, आणि त्या दिवशीही त्यात नऊच पेशे होते. मात्र हौशी प्रोग्रामरांच्या एका गटाने, कोणतेही वेतन न घेता, जुन्या खेळाची घडण तपशीलवार अभ्यासून ‘एसडब्ल्यूजी-इम्यु’ या नावाने तो पुन्हा उभारला. पुनर्बांधणीसाठी त्यांनी निवडलेला काळ २००५ च्या एप्रिलमधील पहिल्या मोठ्या बदलाच्या आधीचा आहे : त्यात तीसहून अधिक पेशे आहेत, शिंपी कपडे शिवतो, आणि थकलेला योद्धा मद्यगृहात नर्तकासमोर येऊन बसतो.